'फिएब्रे'च्या खाली आलेला 'आल्ता'

मी पुण्यात राहून इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये वैद्यकीय मजकुराचे भाषांतर करते. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या ४ कोटींहून अधिक आहे, आणि केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या तिथल्या रुग्णालयांवर १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे अशा रुग्णांना भाषेमुळे अडू न देण्याचे बंधन आहे. त्यामुळे संमतिपत्रे, औषधांची माहितीपत्रके आणि घरी घ्यायच्या काळजीच्या सूचना असे काम आमच्याकडे बाराही महिने येत असते.

त्या आठवड्यात शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या रुग्णांसाठीच्या एका ॲपचा मजकूर आला होता. एका मोठ्या तक्त्यात सातशेच्या आसपास ओळी होत्या. कुठे पूर्ण वाक्य, कुठे नुसता एकेक शब्द. कोणती ओळ कोणत्या पडद्यावर दिसणार, याचा पत्ता कुठेच नव्हता. सुरुवातीलाच 'डिस्चार्ज' हा एकटा शब्द आला आणि त्याच्या वरच्या ओळीत घरी सोडल्याची तारीख होती, म्हणून मी 'आल्ता' असे लिहिले. रुग्णालयातून घरी सोडणे याला स्पॅनिशमध्ये हाच शब्द आहे. 'दार दे आल्ता' म्हणजे रुग्णाला घरी जायची परवानगी देणे. पुढे जखमेवर लावायच्या छोट्या पंपाच्या माहितीत बॅटरी उतरण्याबद्दल 'डिस्चार्ज' आला, पण तिथे पूर्ण वाक्य असल्यामुळे 'देस्कार्गा' लिहिताना क्षणभरही थांबावे लागले नाही.

काम सोपवायच्या संध्याकाळी ग्राहकाने पडद्यांची चित्रे पाठवली. एका पडद्यावर 'आज आपल्याला यांपैकी काय जाणवते?' असा प्रश्न होता आणि त्याखाली खूण करायच्या चार चौकटी होत्या: दोलोर, इंचासोन, फिएब्रे, आल्ता. म्हणजे वेदना, सूज, ताप, आणि चौथ्या ठिकाणी 'घरी सोडणे'. इथला 'डिस्चार्ज' अर्थातच जखमेतून येणारा स्राव होता. भाषांतराचा प्रोग्राम एकदा दिलेले उत्तर तशाच दिसणाऱ्या प्रत्येक ओळीत आपोआप भरतो. त्याने ते भरले होते आणि मी ते नीट न पाहता पुढे गेले होते.

नुसती विसंगती असती तर वाचणाऱ्याला काहीतरी चुकले आहे हे कळले तरी असते. पण 'आल्ता' हे स्पॅनिशमध्ये विशेषणही आहे, 'उंच' किंवा 'जास्त' या अर्थाचे स्त्रीलिंगी रूप, आणि 'फिएब्रे' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'फिएब्रे आल्ता' म्हणजे जोराचा ताप, हे तिथल्या घराघरांतले बोलणे. त्यामुळे वर 'ताप' आणि खाली 'जास्त' अशा त्या दोन चौकटी एकमेकींना अगदी शोभून दिसत होत्या. ज्याला १०३ ताप आहे तो रुग्ण खालच्या चौकटीत खूण करणार आणि पलीकडे इंग्रजी पडद्यावर परिचारिकेला जखम वाहते आहे असे दिसणार. आणि ज्याची जखम खरोखरच वाहते आहे, पण ताप नाही, तो काहीच खूण न करता फोन बाजूला ठेवणार. हे लक्षात आले तेव्हा माझे हात गार पडले.

आता शब्द कोणता द्यायचा? 'फ्लुखो' घेता येत नव्हता, कारण आपल्याकडे बायका 'अंगावरून पांढरे जाते' म्हणतात त्या अर्थाकडे तो पटकन ओढला जातो. 'सुपुरासिओन' म्हणजे पू होणे. जखमेतून नुसते पाण्यासारखे येत असेल तर रुग्ण ती चौकट सोडून देईल. 'सेक्रेसिओन', म्हणजे स्राव, शास्त्रशुद्ध होता आणि मी तोच लिहून माझे भाषांतर तपासणाऱ्या, मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या तपासनिसांना विचारले. पुण्यात साडेसात वाजले होते, म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे आठ. त्यांचे उत्तर आले की शब्द बरोबर आहे, पण माझी आई हे वाचून विचारेल, म्हणजे काय?

त्यांच्या त्या वाक्याने मला बाबांचे हर्नियाचे ऑपरेशन आठवले. ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांनी त्यांना स्रावाबद्दल विचारलेच नव्हते; 'काका, जखमेतून पाणी येतंय का? पू दिसतोय का?' एवढेच विचारले होते, आणि बाबांनी लगेच सांगितले होते की काल रात्री बनियन ओला झाला होता. मीही तसेच लिहायचे ठरवले: 'लिकिदो ओ पुस एन ला एरीदा', म्हणजे जखमेत पाणी किंवा पू. त्या चौकटीपुढे २५ अक्षरांची मर्यादा होती आणि रोमन लिपीत मोकळ्या जागा धरून हे २६ भरले. एका अक्षरासाठी आम्ही दोघे अर्धा तास अडलो. शेवटी 'एरीदा कोन लिकिदो ओ पुस', पाणी किंवा पू असलेली जखम, हे २४ अक्षरांत बसले आणि तपासनिसांनी ते आईला वाचून दाखवतो असे कळवले. वीस मिनिटांनी त्यांचा होकार आला.

त्या रात्री मी तक्त्यातला प्रत्येक 'डिस्चार्ज' पडद्याच्या चित्राशी ताडून पाहिला. एकूण चौदा ठिकाणे होती. त्यांपैकी तीन ठिकाणी 'आल्ता' चुकीचा बसला होता, आणि त्यांतले एक तर 'डॉक्टरांना ताबडतोब कधी फोन करावा' या यादीत होते. प्रोग्रामच्या स्मृतीतून तो एकटा शब्द मी काढून टाकला, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला तो आयता मिळणार नाही. काम पाठवताना झालेली चूक लपवली नाही, आणि चौकटीतला मजकूर का बदलला हे चार ओळींत लिहिले.

दोन दिवसांनी ग्राहकाकडून सुधारित तक्ता आला. त्यात इंग्रजीच्या रकान्यातही त्या चौकटीसमोर आता 'डिस्चार्ज' नव्हता. जखमेतून पाणी किंवा पू, असेच साध्या इंग्रजीत लिहिले होते.