यंदा गणपती उशिरा आहेत

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी, आहे. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. म्हणजे गिरगावातल्या आमच्या चाळीला तयारीसाठी अडीच आठवडे जास्त मिळाले आहेत. आषाढी झाली, आता श्रावण येईल, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्या भागात मोकळा आठवडा सापडणे कठीण. या चार महिन्यांत काय काय आहे आणि त्यात आपण कुठे हात लावू शकतो, हे एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या खोल्या अजून इथे आहेत पण जे स्वतः डोंबिवलीला, विरारला किंवा पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरात राहतात.

पहिला दिवस अगदी दारात आहे. येत्या शनिवारी, १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आहे. १९२० साली त्यांच्यावर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि त्याच जागी त्यांचा पुतळा उभा आहे. आमच्या चाळीतली मुले दरवर्षी सकाळी शाळेआधी तिथे फुले वाहून येतात. यंदा शनिवार असल्याने मोठ्यांनाही सोबत जाता येईल. पुतळ्यापाशी मुलांना आवर्जून सांगावे की मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली इथूनच चालत जाता येईल अशा केशवजी नाईक चाळीत सुरू झाला, आणि आजही तिथली मूर्ती लहानच असते व पालखीतून येते. निकदवरी लेनमधली शाडूची भव्य मूर्ती पाहायला दुरून लोक येतात आणि ती पाहावीच. परंतु या पालखीपुढे चालताना उत्सवाचे मूळ माप जसे कळते, तसे दुसरीकडे कुठे कळेल असे मला वाटत नाही.

गोकुळाष्टमी ४ सप्टेंबरला आणि दहीहंडी शनिवारी, ५ तारखेला. आमच्या चौकात चार थरांच्या वर हंडी बांधायची नाही हे मागेच ठरले आहे आणि ते तसेच राहावे.

आता गणपतीच्या वर्गणीविषयी, कारण माझ्या मते सगळे त्यावर अवलंबून आहे. गेली सात वर्षे चाळीच्या उत्सवाचा हिशेब माझ्याकडे आहे. मागच्या सभेत तरुण मुलांनी सुचवले की क्यूआर कोड सगळ्यांना पाठवून द्यावा, म्हणजे घरोघरी फिरण्याचे श्रम वाचतील. कोड जरूर ठेवावा. लांब राहणाऱ्यांची त्यामुळे सोय होते. पण दारोदार जाणे बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सासूबाईंच्या लोखंडी कपाटात १९७८ सालचे एक पावती पुस्तक मला मिळाले. कार्बन कागदाखालच्या जांभळ्या अक्षरांत खोली क्रमांक, नाव आणि पाच रुपये, इतकीच प्रत्येक नोंद आहे. परंतु काही स्थळप्रतींच्या कडेला पेन्सिलीने बारीक शेरे आहेत: ‘मुलगी बाळंत, बारशानंतर जाणे’, ‘गिरणी बंद, मागू नये’, ‘आजी एकट्या, डबा पोचवणे’. त्या वेळी वर्गणीला निघालेली माणसे पाच रुपयांसोबत हेही गोळा करून आणत होती. गेल्या वर्षी याच फेरीत आम्हाला समजले की तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांना डोळ्यांमुळे जिना उतरणे जमत नाही. त्यानंतर दहाही दिवस मुलांनी आरतीच्या वेळी त्यांना हात धरून खाली आणले. कोडवरून पैसे आले असते, पण हे समजले नसते.

म्हणून या जास्तीच्या अडीच आठवड्यांत मला दोन फेऱ्या करायच्या आहेत. पहिली नेहमीची, मजल्यामजल्यावरची. दुसरी बाहेरगावची: डोंबिवली, विरार आणि संक्रमण शिबिर, प्रत्येक ठिकाणी एक रविवार. ज्या तीन कुटुंबांनी गेल्या वर्षात खोल्या रिकाम्या केल्या, त्यांच्याकडे आधी जायचे. त्यांच्याकडून वर्गणी मिळावी हा हेतू नाही. आरतीच्या यादीत त्यांचा दिवस त्यांच्याच नावावर राहिला आहे, हे समोर बसून सांगायचे आहे.

येण्याजाण्याची अडचण आता थोडी कमी झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावला भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून मेट्रो घ्यावी. मध्ये फक्त काळबादेवी लागते. पश्चिम रेल्वेवाल्यांना चर्नी रोड आहेच. याच मेट्रोच्या कामासाठी आमच्या शेजारच्या काही चाळी गेल्या, हे विसरणे शक्य नाही. त्या चाळींतल्या माणसांनाही आरतीला बोलवावे, असे मी सभेत मांडणार आहे.

उत्सवाच्या दिवसांत रविवार एकच येतो, २० सप्टेंबरचा. त्या दिवशी सकाळी रक्तदान शिबिर आणि संध्याकाळी उकडीच्या मोदकांची स्पर्धा असा बेत आहे. स्पर्धेत या वेळी पुरुषांनीही भाग घ्यावा, अशी सूचना आली आणि ती मला फार आवडली. विसर्जन अनंत चतुर्दशीला, शुक्रवारी, २५ सप्टेंबरला. आपली मूर्ती शाडूची आणि तीन फुटांची आहे. गेल्या वर्षी न्यायालयाच्या आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित झाल्या, आपलीही तिथेच झाली. काही ज्येष्ठांना समुद्र सोडल्याचे वाईट वाटले होते. परंतु दुसऱ्या दिवशी चौपाटीवर साफसफाईला गेलेल्या मुलांनी वाळूत काय काय पाहिले ते सांगितल्यावर कोणी हट्ट धरला नाही.

नवरात्र रविवारी, ११ ऑक्टोबरला बसते. भोंडला मधली काही वर्षे आमच्याकडे बंदच पडला होता. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी पाटावर तांदळाने हत्ती काढला, त्याच्या पाठीवरची झूल हळदकुंकवाने रंगवली, आणि भोवती मुली जमल्या. त्यांपैकी निम्म्यांना फेर कोणत्या बाजूने धरायचा हेही ठाऊक नव्हते. खिरापत ओळखताना मात्र त्यांनी अर्धा तास घालवला, आणि झाकलेल्या डब्यात साध्या भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर निघाली. आजींचा हात आता थरथरतो. यंदा हत्ती त्यांच्या देखरेखीखाली दुसऱ्या कोणीतरी काढायला शिकावे, आणि त्यासाठी दोन मुलींची नावे आधीच ठरवावीत.

कोजागिरीचे दूध नेहमीप्रमाणे गच्चीवर.

दिवाळीत लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. किल्ल्याचे काम त्याच्या किमान आठ दिवस आधी सुरू व्हावे, कारण अळीव उगवून तटाखाली हिरवे दिसायला तेवढे दिवस लागतातच. चौकातला नळाजवळचा कोपरा किल्ल्याचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेला आहे. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा मागच्या महिन्यात दाखवण्यात आला. त्यात वाहनतळ आहे, व्यायामशाळा आहे, पण चौक नाही. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. सामायिक संडास आणि गळकी छपरे यांत म्हातारपण काढणे काय असते, हे मी घरात पाहिले आहे. तरीही नव्या इमारतीत तळमजल्यावर मातीची, उघडी, किमान आरतीला सगळे उभे राहू शकतील एवढी जागा असावी, अशी लेखी मागणी सह्यांसह द्यावी असे मला वाटते. नकाशा पक्का होण्याआधीच ती जायला हवी.

या सगळ्यासाठी रविवारी, २ ऑगस्टला, रात्री आठ वाजता चौकात सभा आहे. पावती पुस्तके, फेऱ्यांची वाटणी आणि मागणीचे पत्र, असे तीनच विषय घेऊ. पाऊस असला तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसू. येताना प्रत्येकाने आपली चटई आणावी.