तानपुरा कुठे गेला
आज सकाळचा गाण्याचा ऑनलाइन क्लास संपला पण डोक्यातून यमन राग काही जाऊन नाही राहिला. इकडे प्रतापनगरात कूलर बंद करून बसले, तिकडे माझी बंगलोरची छोटी विद्यार्थिनी, काळी ४ मधे गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तिचा सा, आणि तिला माझा तानपुरा ऐकूच येईना. व्हिडिओ कॉलवाली ॲप्स एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजतात आणि कापून टाकतात, बोलणं तेवढं ठेवतात, आता तानपुरा तर एकसारखाच वाजणार ना! सेटिंगमधे ओरिजिनल साउंड चालू केलं तेव्हा कुठे आला. तरी मी तिला म्हटलं, बेटा तानपुरा तुझ्याचकडे लाव, मोबाईलवर.

सोबत गाणं तर होतच नाही, आवाज पोचायला जो जरासा उशीर लागतो ना त्यात ताल सुटतो, म्हणून आधी मी मग ती. समोर असती तर तिचा तीव्र म, म्हणजे यमनातला चढा म, जरा खाली लागला की मी लगेच हळूच सूर दिला असता. इथे थांबावं लागतं. आज थांबले, आणि ती स्वतःच बोलली, "ताई, म खाली गेला ना?" मग प वर ठेहराव घेऊन परत म वर आली आणि असा नेमका लागला बाप्पा, डोळेच भरून आले माझे!

तिच्या आईला आता वायरवाले इअरफोन घ्यायला सांगतेय, ब्लूटूथने उशीर अजून वाढतो.