वांग्यातली कीड

मंगळवार, रात्री साडेदहा

लेक आत्ता झोपली. आज दात मी घासून दिले. त्यातलं थोडं लिहून ठेवावंसं वाटतंय.

दोन आठवड्यांपूर्वी नौपाड्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. खाली उजवीकडच्या दोन दुधाच्या दाढा एकमेकींना खेटून आहेत, त्यांच्यामधल्या फटीत त्या किडल्या होत्या. वरून बघून मला कधीच कळलं नसतं. दोन्ही भरून घेतल्या. भरताना ती रडली नाही. तिचा पाय मी हातात धरून ठेवला होता.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, दुधाचे दात ते. पडायचेच आहेत." तिचं लहानपण राखुंडीवर गेलं, तिला असं वाटणं साहजिक आहे. मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. पुढचे दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे पोरीला अजून चार-पाच वर्षं त्यांनीच चावायचंय. आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, मग खालून येणाऱ्या पक्क्या दाताची अडचण होते. आईने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून झोपतानाचं साखरेचं दूध ती जेवण झाल्याझाल्या द्यायला लागली, दात घासायच्या आधी. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

पण त्याच आठवड्यात एका रात्री लेक ब्रश तोंडात घेऊच देईना. ओठ घट्ट मिटून बसली. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "बाबा, कीड बाहेर आली तर?"

माझ्या पोटात कालवलं. आम्ही सगळे तिच्यासमोर "दात किडला", "कीड लागली" म्हणत होतो. आजी वांगी चिरते तेव्हा ही शेजारी बसते. आतली वळवळणारी अळी तिने पाहिलीय. तीच आपल्या दाढेत आहे, असं धरून ती तीन-चार रात्री झोपत होती. त्यात "चॉकलेट खाल्लंस तर डॉक्टर सुई टोचतील" हेही मीच तिला म्हटलेलं.

ब्रश बाजूला ठेवला आणि तिला सांगितलं. दातात अळी नसते. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, सगळ्यांच्याच तोंडात, बाबाच्याही. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आंबट आम्ल तयार करतात. त्याने दाताचं वरचं कवच हळूहळू झिजतं. आपली थुंकी ते आम्ल धुऊन काढते, पण तिला अर्धा तास तरी लागतो.

"आणि तेवढ्यात मी अजून एक बिस्किट खाल्लं तर?"

सहा वर्षांच्या पोरीने नेमका मुद्दा पकडला. मी इतके दिवस गोड किती खाल्लं ते मोजत होतो, किती वेळा खाल्लं ते नाही. शाळेच्या बसमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचं चॉकलेट, चार वाजता बिस्किटं, संध्याकाळी तलावपाळीवर फेरी मारताना आणखी काहीतरी. थुंकीला उसंत मिळतच नव्हती. आता गोड जेवणाच्या ताटात, जसं आपल्याकडे पूर्वीपासून वाढतात तसं. अधेमधे नाही. वाढदिवसाचं चॉकलेट ती घरी आणते आणि जेवताना खाते. रोज जमत नाही, पण बऱ्याचदा जमतं.

दुसरी चूक माझीच. चार वर्षांची झाल्यापासून "स्वतःचे दात स्वतः घास" म्हणून तिचं कौतुक करत होतो. जिला बुटाची नाडी अजून बांधता येत नाही, तिचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट कसा पोहोचणार? सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्यांचंच. सकाळी ती घासते, रात्री आम्ही. झोपेत थुंकी कमी सुटते, म्हणून रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. गेल्या शुक्रवारी लोकल कुर्ल्यालाच रखडली, तेव्हा तिच्या आईने घासून दिले.

मी पलंगावर बसतो, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवते, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. सगळ्यात अवघड गेलं ते चूळ सोडवणं. "खळखळून चूळ भर" हे मला माझ्या आजीने शिकवलेलं आणि मी लेकीला. आता फक्त थुंकायचं, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. ती अजून सवयीने नळाकडे वळते आणि माझ्याकडे बघून थांबते.

आज टॉर्चच्या उजेडात शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, हिरडीतून वर आलेलं पांढरं टोक दिसलं. पक्की दाढ. एकही दात न पडता ही मागून येते, म्हणून पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजतात. तिला आरशात दाखवली. तिने बोट लावून पाहिलं.

"ही कधी पडणार?"

"ही नाही पडायची. नीट सांभाळली तर आजीएवढी झालीस तरी हीच."

जरा वेळ गप्प राहिली. मग परत मांडीवर डोकं टेकून तोंड उघडलं आणि बोटाने दाखवलं, "इथे अजून एकदा."