तळहातावरचे डाग

माझं वय ६३. पहिले यजमान जाऊन सात वर्षं झाल्यावर मी दुसरं लग्न केलं. आठ महिने झाले असतील, दोन्ही तळहातांवर तांबूस डाग उठले. खाज नाही, दुखणं नाही. तळपायांवरही तसेच. घराजवळच्या डॉक्टरांनी भांड्यांच्या साबणाची ॲलर्जी म्हणून मलम दिलं. पायांना साबण कुठून लागणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही.

महिनाभरानं नर्स असलेल्या भाचीनं डाग बघितले. "मावशी, सीपीआरला जा. व्हीडीआरएल करायला सांग." सीपीआर म्हणजे आमच्या कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, व्हीडीआरएल ही रक्ताची तपासणी.

केसपेपर काढला, स्किनच्या ओपीडीतून मला सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे लैंगिक आजारांच्या विभागात पाठवलं. पाटी वाचून पाय अडखळले. आत समुपदेशक ताई, माझ्या लेकीहून लहान. तिनं दार लावून घेतलं. "काकू, तुमचे आणि काकांचे संबंध आहेत ना? निरोध वापरता?"

मी पदर सारखा करत "संबंध आहेत" म्हटलं. निरोध कशाला, पाळी जाऊन बारा वर्षं झाली, असंच आम्हाला वाटायचं. ती म्हणाली, पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ, कोरडी होते, बारीक चिरा पडतात, त्यातून लागण लवकर होऊ शकते. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं हे सांगितलं नव्हतं. त्याचा मला अजून राग येतो.

एचआयव्हीसाठी आधी संमती घेतली. ती निगेटिव्ह आली. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, आकडा १:६४. म्हणजे सिफिलिस, आपल्याकडे जिला गरमी म्हणतात ती.

सगळ्यात अवघड होतं ते यांना सांगणं. संध्याकाळी रंकाळ्यावर नेलं. "अहो, तुम्हालाही तपासून घ्यावं लागेल." हातातली फुटाण्याची पुडी तशीच राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाले, आपल्या लग्नाआधी, एकटा होतो तेव्हा, एकदा. "पण मला काही झालंच नव्हतं गं." ते खोटं बोलत नव्हते. पहिला फोड दुखत नाही, आपोआप भरतो, नंतर बाहेर काही दिसत नाही तरी रोग आत राहतो. मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी मात्र दोघं मिळून गेलो.

मला पेनिसिलिनचा एकच डोस, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मा निम्मा. आधी हातावर टेस्ट डोस. औषध दाट असतं, दोन दिवस बसताना कळ यायची. पहिल्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. सिस्टरनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. यांची लागण नेमकी कधीची ते ठरेना, म्हणून दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. तिन्ही वेळा मी सोबत गेले, टाऊन हॉलच्या बागेत बसून मग घरी यायचो. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत संबंध बंद.

तीन महिन्यांनी एचआयव्ही पुन्हा केली, दोघांचीही निगेटिव्ह. सहा महिन्यांनी माझा व्हीडीआरएलचा आकडा १:८ वर आला. चौपट उतरला तरी उपचार लागू पडला असं धरतात, डॉक्टर म्हणाले. डाग तर कधीच गेले होते.

पुढची तपासणी वर्ष भरल्यावर. कॅलेंडरवर तारखेला यांनीच गोल केलाय, आणि शेजारी लिहिलंय, "दोघं".