निष्ठेचा ठ

निवडणूक जवळ आली की नाशिकमध्ये रविवार कारंजा ते पंचवटी कारंजा फ्लेक्सवर 'निष्ठावंत' उगवतात. त्यांतला एखादा हमखास 'निष्टावंत' असतो. कष्ट, नष्ट, दुष्ट लिहून वळलेला हात निष्ठेलाही ट लावून मोकळा होतो.

तो ठ उगाच आलेला नाही. शब्दाची फोड नि + स्था. स्था म्हणजे उभं राहणं. आधीच्या इकारामुळे स चा ष होतो आणि ष शेजारी आला की थ चा ठ. प्रतिष्ठा, अनुष्ठान, अधिष्ठान ही याच घरातली भावंडं. संस्था, अवस्था यांत मागे इ-उ नाही, म्हणून तिथे स्था शाबूत. दुष्ट, नष्ट यांत मुळातच 'त' प्रत्यय, त्याचा ट झाला. आणि गंमत बघा, या 'त' प्रत्ययालाच पाणिनीने 'निष्ठा' अशी संज्ञा दिली आहे. व्याकरणापुरती का होईना, दुष्टाच्या शेपटाला निष्ठा आहेच!

मराठीने हे उभं राहणं वापरातही जपलं आहे. भक्ती करतात, इमान राखतात, खाल्ल्या मिठाला जागतात. निष्ठा मात्र कुणी 'करत' नाही. ती कशावर तरी असते. उभं राहायला पायाखाली जागा लागते, तसा तिला 'वर' लागतो. 'पक्षाची निष्ठा' म्हटलं की पक्षच कुणाशी तरी निष्ठावान असल्याचा भास होतो. म्हणायचं असतं 'पक्षावरची निष्ठा'. एकनिष्ठ मात्र 'शी' घेतो: पक्षाशी एकनिष्ठ. कुत्र्याला आपण इमानी म्हणतो. निष्ठावंत म्हटलं तर हसू येईल, कारण निष्ठेत विचार करून घेतलेली बाजू असते.

नाशिकला तर हा अर्थ दाखवायला काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षं चालला. दरवाजे उघडले नाहीत, माणसं हटली नाहीत. त्यांची निष्ठा मूर्तीपेक्षा बरोबरीच्या हक्कावर होती.

परीक्षेतल्या 'वस्तुनिष्ठ' प्रश्नात भक्तीचा लवलेश नाही; उत्तर वस्तूवर टेकलेलं, एवढंच. कनिष्ठ, घनिष्ठ, धनिष्ठा यांत मात्र निष्ठा शोधू नये. तिथे 'इष्ठ' प्रत्यय आहे, त्यामुळे कनिष्ठ लिपिकाची निष्ठा वेगळी तपासावी लागते.