आमची वाटचाल: चौथा चतकोर

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या भिंतीवर एक मोठा तक्ता दिसतो. एका बाजूला बायकांची नावं, वरच्या ओळीत कामं: वायर कटिंग, क्रिंपिंग (वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून आवळणं), बोर्डावर हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा जोडलेला गुच्छ मांडणं, टेपिंग, टेस्टिंग. प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ आणि त्याचे चार भाग. काम शिकायला घेतलं की एक भाग रंगवायचा, कुणाच्या देखरेखीखाली जमलं की दुसरा, एकटीने जमलं की तिसरा आणि दुसरीला शिकवता आलं की चौथा. वाहनांच्या धंद्यात याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात, आणि ऑडिटला आलेला माणूस आधी तिथेच जाऊन उभा राहतो. आमच्या बायका त्याला चतकोर म्हणतात. "माझे तीन चतकोर झाले," असं कुणी म्हणालं की नव्या मुलीला वाटतं डब्यातल्या भाकरीबद्दल चाललंय.

पहिली पाच वर्षं हा तक्ता ऑडिटच्या आदल्या रात्री मी एकटी बसून रंगवायचे. खोटं कशाला बोलू.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. एका कंपनीत नऊ वर्षं क्वालिटीत काढली. सेक्शन हेड व्हायची पाळी आली तेव्हा साहेब म्हणाले, "तुमचं बाळ अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी माझ्या हाताखाली मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं यंत्र) धरायला शिकलेला मुलगा त्या खुर्चीवर बसला. २००६ साली मी बाहेर पडले. ८०० चौरस फुटांचा भाड्याचा गाळा, एक जुनं क्रिंपिंग प्रेस, दोन हातटूल आणि चार बायका. बँकेत कर्जाला गेले तर "मिस्टरांना घेऊन या" म्हणाले. नेलं. मी प्रोजेक्ट रिपोर्ट समजावत होते, मिस्टर शेजारी बसून पेपर वाचत होते, आणि साहेब प्रत्येक प्रश्न त्यांनाच विचारत होते.

 हार्नेसचं काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. का, तर म्हणे त्यांची बोटं नाजूक, चिकाटी जास्त. ऐकायला कौतुक वाटतं, पण बहुतेक हार्नेसच्या कारखान्यांत जाऊन बघा: बोर्डावर बायका आणि बोर्डाच्या टोकाला हात मागे बांधून उभा असलेला सुपरवायझर पुरुष. नाजूक बोटांना पेन धरता येत नाही, असंच जणू सगळ्यांनी ठरवलेलं. मीसुद्धा तेच केलं. धंदा वाढला, माणसं बारा झाली, तेव्हा पहिला सुपरवायझर मी एक मुलगाच घेतला. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबेल, टेम्पोवाल्याशी बोलेल, हे त्यामागचं गणित. माझ्या जुन्या साहेबांनी केलं असतं तेच.

२०११ च्या पावसाळ्यात ते गणित फिरलं. एका ग्राहकाकडून आमचा अख्खा लॉट परत आला. टर्मिनल वायरला नीट आवळलं गेलं नव्हतं. क्रिंपची उंची थोडी जास्त राहिली की पकड सैल पडते, फार कमी झाली की तारांचे केस तुटतात. दोन्हीकडून जोड तापतो किंवा दिवा लागतच नाही. डेबिट नोट आली, म्हणजे नुकसानीची रक्कम आमच्या नावावर लावली. तीन दिवस आमच्या सहा बायका ग्राहकाच्या प्लांटमध्ये उभ्या राहून एकेक नग तपासत होत्या. परतताना टेम्पोत मी प्रेसवरच्या ताईंना विचारलं, "तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आलं होतं मॅडम. सकाळी दहालाच सांगितलं. ते म्हणाले, थोडं इकडेतिकडे चालतं. सही त्यांची असते, माझी नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही ती नुकसानीमुळे नाही. दोन वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आलेली बाई आवाजावरून प्रेसचं बिनसलेलं ओळखते, आणि तिला लाईन थांबवायचा हक्क नाही. तो मी दिलाच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी तिघींना लाईन लीडर व्हा म्हटलं. मला वाटलं, पेढे वाटतील. तिघींनी नाही म्हटलं. एक म्हणाली, शेजारच्या खोलीत राहणारीची हजेरी मी कशी कापू? दुसरीने सरळ हिशेब मांडला: "पाचशे रुपये वाढवणार आणि आठ वाजेपर्यंत थांबवणार. पाणी साडेसहाला येतं." मी त्यांना आत्मविश्वास नाही, असं मैत्रिणींना सांगत फिरत होते. आत्मविश्वास भरपूर होता, पाणी नव्हतं.

मग काम फोडलं. संध्याकाळचा डिस्पॅच आणि चलन सुपरवायझरच्या कामातून काढून दुसऱ्या माणसाकडे दिलं. सहाची मीटिंग सकाळी साडेअकराला आणली. पहिल्या नगाच्या तपासणीच्या कागदावर लाईन लीडरची सही लागेल, ती झाल्याशिवाय प्रेस चालणार नाही आणि ती सही मलाही ओलांडता येणार नाही, हे लिहून भिंतीवर लावलं. प्रेसवरच्या त्या ताई तयार झाल्या. नवऱ्यांना मी भेटले नाही. कुणीतरी सुचवलं होतं, पण मला ते आवडलं नाही. बँकेतली ती दुपार मी विसरले नव्हते.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते जाहिरातीसारखं होईल. ताईंनी पहिल्या दोन महिन्यांत लाईन अशी काही हाणली की दोन मुली काम सोडून गेल्या. "काम करायचं नसेल तर घरी बसा," हे वाक्य मी केबिनमधून ऐकलं आणि दचकले, कारण आधीच्या सुपरवायझरचं ते पेटंट वाक्य होतं, सुरासकट. त्यांनी आयुष्यात साहेब एकाच प्रकारचा पाहिला होता. आणि मी? मी त्यांना मायक्रोमीटर शिकवला, ड्रॉइंग वाचायला शिकवलं, एक्सेलमध्ये रिजेक्शन भरायला शिकवलं. चुकलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे शिकवायची गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग एक साधा नियम केला. चूक सापडली की खराब नग हातात घेऊन त्या जागेवर जायचं आणि पहिला प्रश्न "इथे काय झालं?" असा विचारायचा. "तू काय केलंस?" असा नाही. दर शनिवारी अर्धा तास आम्ही हीच तालीम करायचो. एक चुकणारी, एक लीडर, बाकीच्या हसणाऱ्या. खूप नाटकी वाटायचं. पण त्यातूनच कळलं की एका बोर्डावर दोन सारख्या रंगांच्या वायरी शेजारी होत्या आणि दर वेळी वेगवेगळी बाई तिथेच चुकत होती. आम्ही वर्षभर बायका बदलत होतो, बोर्ड नाही.

२०१७ मध्ये आमची सगळ्यात चांगली लीडर बाळंतपणाला निघाली. माझ्या मनात आलेला पहिला विचार "आत्ताच का?" हा होता. जुने साहेबच बोलले माझ्या तोंडून, बरं झालं मनातच बोलले. रजा त्याच वर्षी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली होती आणि आमच्या असोसिएशनच्या चहाच्या टेबलावर सगळे मालक कुरकुरत होते, आता बायका ठेवणं परवडणार नाही. बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं की ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळात, नाव असलेल्या बाईचा त्या रजेतला पैसा ईएसआयसी देते, तो मालकाच्या गल्ल्यातून जात नाही. मालकाला सांभाळायचं असतं ते काम. सहा महिने तिची जागा हंगामी म्हणून दुसरीला दिली, आणि परत आल्यावर खुर्ची तुझीच, हे दोघींसमोर आधीच सांगितलं. ती आली तेव्हा दुसरी तयार झालेली होती, म्हणून तिला नवी लाईन दिली. पाळणाघराची सक्ती ५० माणसांपासून पुढे आहे, आम्ही तेवढे नाही. मागच्या गल्लीतल्या एक आजी मुलं सांभाळतात, निम्मे पैसे आम्ही भरतो.

२०१९ ला एक लीडर चाकणच्या मोठ्या कंपनीत दीडपट पगारावर गेली. आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. आता लाज वाटते. मी स्वतः नऊ वर्षांनी नोकरी सोडली होती तेव्हा मला कोण बोललं असतं?

आज आम्ही ३८ जण आहोत, त्यातल्या ३१ बायका. चारही लाईन लीडर बायका. प्रेसवरच्या त्या ताई आता क्वालिटी बघतात. दहावीला त्यांचं गणित राहिलं होतं. तेव्हा मुक्त विद्यापीठात पूर्वतयारी करून पदवीला बसता यायचं, तसं रविवारचे वर्ग करून त्या बी.कॉम. झाल्या. ग्राहकाचा ऑडिटर येतो तेव्हा अजूनही प्रश्न मला विचारतो. मी त्यांच्याकडे बघते. त्या मराठी-हिंदी मिसळून बोलतात आणि बोलण्यात अडल्या तर मायक्रोमीटर पुढे करतात.

टूलरूममध्ये मात्र अजून एकही बाई नाही. प्रेसचं सेटिंग पुरुषच करतो. आयटीआयची एक मुलगी गेल्या दिवाळीपासून शिकतेय, तिचे दोन चतकोर भरलेत.

मागच्या महिन्यात ताई तक्त्यासमोर उभ्या होत्या. शेवटचे दोन रकाने मीच कधीतरी हौसेने घातले होते: दर ठरवणं आणि बँक. त्यात फक्त माझ्या नावापुढे वर्तुळ, चारही भाग रंगवलेले. "मॅडम, चौथा चतकोर कसा काय रंगवला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही हे कुणाला शिकवलंय?"

मी पेन घेऊन तो चौथा भाग पांढरा केला. गुरुवारी चाकणला दराची बैठक आहे, त्या माझ्याबरोबर येतायत. तांब्याचा भाव त्यांनी काल रात्रीच काढून ठेवलाय.