पेन्सिल नंतर, आधी मटार

शाळा सुरू झाल्या की पालकांचे मेसेज ठरलेले, "मॅडम, ज्युनियर केजीत आहे पण लिहायलाच बसत नाही, हात दुखतो म्हणतो." अहो दुखणारच ना, चार वर्षांचं पोर ते! साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चारला अधिकची खूण, पुढे चौकोन आणि त्रिकोण पाचच्या आसपास, कारण तिरकी रेघ उशिरा जमते. आणि आपल्याला मात्र चौथ्या वर्षी पानभर अ आ इ ई पाहिजे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना लिहिणं, बटण लावणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते (याच थेरपीला थोडक्यात ओटी म्हणतात), आणि मी आधी पेन्सिल बाजूलाच ठेवायला सांगते, आधी बोटांत ताकद येऊ दे. मटार सोलायला बसवा, कणकेचा गोळा द्या, दोरीवरच्या रुमालांना चिमटे लावू दे, छोटे कपडे पिळू दे. आज्यांना हे लगेच पटतं, आई-बाबांना वाटतं एवढ्यासाठी फी घेतली का हिने :)

बालवाडीच्या बाईंना माझं एकच सांगणं, तुटलेले खडू फेकू नका. लांब खडू मूल मुठीत धरतं, पण बोटाच्या पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, मग आपोआप तीन बोटं पुढे येतात, काही शिकवावं लागत नाही. आणि फळ्यावर किंवा भिंतीला चिकटवलेल्या कागदावर काढू दिलं की खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. बाकी बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, सगळी ताकद तोल सांभाळण्यात गेली तर अक्षर कुठून चांगलं येणार? सारखी चुळबुळ करणाऱ्याला ओरडण्याआधी वह्यांचा गठ्ठा उचलून आणायला पाठवून बघा, बरीच मुलं त्यानंतर जरा निवांत बसतात.

"हे ओटी वगैरे परदेशी फॅड" असं कोणी म्हटलं ना की मला हसू येतं, भारतात या थेरपीचा पाया घालणाऱ्या कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण 1950 सालीच सुरू केलंय.

आता हेही खरं की सगळं मटार सोलून सुटत नाही. सहावं लागलं तरी बटण लावता येत नाही, माती-रंगाला हातच लावत नाही, सारखं धडपडतं, किंवा आधी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झालीय, तर वाट बघू नका, दाखवून घ्या. ही शेवटची असेल तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे, तेही लगेच. आणि तोवर ऑनलाइन मिळणाऱ्या त्या पेन्सिलला लावायच्या रबरी ग्रिपा नका मागवू प्लीज.